डेलच्या लग्नाचा काळा केक

आमच्या गावात कुणी कुणाच्या स्वयंपाकाला तोंडावर नाव ठेवत नाही. पदार्थ अगदी घशाखाली उतरेना झाला, तरी पाहुणा ताटलीकडे बघत मान डोलावतो आणि म्हणतो, "वेगळंच आहे हं." एवढं ऐकलं की करणारीनं काय ते समजून घ्यायचं आणि तो पदार्थ पुन्हा म्हणून करायचा नाही. उलट चांगलं झालं असेल, तर म्हणतात, "तसंच आहे." म्हणजे नेहमीसारखं. यापुढची स्तुती आम्हाला जमत नाही. विसकॉन्सिनच्या थंडीत माणसं शब्दसुद्धा लाकडासारखे जपून जाळतात.

मी मात्र सांगून टाकते. मी लव्हॉन, सारा जन्म शाळेची बस चालवली. मागे पोरांचा कालवा असताना आडवळणानं बोलून भागत नाही. मोठ्यानं आणि सरळ बोलावं लागतं. ती सवय बस सुटल्यावरही सुटली नाही. शिवाय मला दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय जेवण जात नाही. याला गाव भोचकपणा म्हणतं, मी चौकसपणा म्हणते. गावाचं गावापाशी.

शेजारी अर्लिस कुबिआक राहते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये लायलॅकच्या झुडपांची रांग आहे, आणि तिला मी ये-जा करून करून एक भगदाड पाडलंय. अर्लिस गोठ्यात वाढलेली, गवळ्याची लेक. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग चर्चच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळून तिनं दोन मुलींना मार्गी लावलं. पण गावात ती ओळखली जाते केकवाली म्हणून. बारसं असो, कुणी शाळा पास होवो, कुणाला माती द्यायची असो, केक अर्लिसचा. आणि तिचं सगळं कसब होतं तिच्या नाकात. ओव्हन न उघडता ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणायची, "काढ, झाला." रस्त्यानं चालताना कुणाच्या घरी काय शिजतंय आणि त्यात काय कमी पडलंय, ते ती सांगायची. एकदा माझ्या दारात उभी राहून तिनं हवा हुंगली आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. गॅस गळत होता. तेव्हापासून मी तिच्या नाकाला मान देऊन असते.

तर या अर्लिसचं गेल्या हिवाळ्यापासून काहीतरी बिनसलं होतं. जन्मात कधी न विचारणारी बाई आता प्रत्येकाला विचारायला लागली, "कसा झालाय?" दूध एक दिवसाचं झालं की ओतून द्यायला लागली. माझ्याकडे पाव भाजताना करपला, धूर झाला, तर ही आपली समोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारतेय. मला रात्रंदिवस एकच विचार, हिला झालंय काय?

ते मला एका जनावरानं सांगितलं. वसंतात बर्फ वितळलं की आमच्याकडे स्कंक बिळातून बाहेर पडतात. मांजराएवढं काळं-पांढरं जनावर. घाबरलं की शेपटी वर करून असा काही फवारा सोडतं की माणसाला आपला जन्म नकोसा होतो. त्या दिवशी एक स्कंक अर्लिसच्या ओसरीखालीच बावचळला. सगळ्या आळीनं धडाधड खिडक्या लावल्या. समोरचा मर्ल तोंडाला रुमाल बांधून गाडी काढून पळाला. आणि अर्लिस? ओसरीच्या पायरीवर बसून निवांत कॉफी पीत होती. मला बघून म्हणाली, "ये गं, बस. काय छान हवा पडलीय!"

मी नाक दाबून तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "अर्लिस, तुला वास येत नाहीये."

तिनं इकडेतिकडे पाहिलं, बंद खिडक्या पाहिल्या, माझं दाबलेलं नाक पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"स्कंक?" तिनं विचारलं.

"तुझ्या बुडाखाली."

"हिवाळ्यात तो ताप आला ना, त्यात नाक गेलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, येईलही, न येईलही. खाणं म्हणजे ओला पुठ्ठा झालाय गं. जिभेला गोड-खारट तेवढं कळतं. बाकी काही नाही. लव्हॉन, तुझ्या पाया पडते, हे कुणाला सांगू नकोस. निदान डेलचं लग्न होईपर्यंत तरी."

आता डेल म्हणजे डेल्फीन रेट्झलाफ, पोस्टातली. पहिलीच्या वर्गात ती आणि अर्लिस एका बाकावर बसल्या त्या मनानं अजून उठलेल्या नाहीत. अर्लिसचं लग्न झालं तेव्हा तिनं डेलला शब्द दिला, "तू लग्न कर, केक माझा." पण डेल आईच्या आजारपणात अडकली, आई गेली तेव्हा केस पांढरे झाले होते. आणि आता साठी उलटल्यावर ती नॉर्बर्ट वानेकशी लग्न करायला निघाली होती. नॉर्बर्ट विधुर, आयुष्यभर गावच्या बिअरच्या कारखान्यात, ब्रुअरीत, बाटल्या भरल्या, माणूस पोल्का बरा नाचतो. सगळं गाव खूश होतं.

"डेलला कळलं," अर्लिस म्हणाली, "तर ती लगेच म्हणेल, राहू दे गं, दुकानातून आणू. तिच्या लग्नाला दुकानातला केक? त्यापेक्षा मला माती द्या."

इथे मला पुन्हा चौकसपणाची कळ आली. डेलनं मागितला होता चॉकलेटचा केक, त्यात ब्रुअरीची काळी बिअर. आता डेल जन्माची लिंबाच्या केकवर जीव टाकणारी. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला अर्लिस लिंबाचाच करायची. आणि बिअरला तर डेल शिवतही नाही. विसकॉन्सिनमध्ये जन्मून ती अशी कशी निपजली, हे तिच्या आईलाही कोडं होतं. मग लग्नाला काळा बिअरचा केक कशाला?

"नॉर्बर्टसाठी," अर्लिस म्हणाली. "ती म्हणाली, त्याला आवडेल."

"म्हातारपणी प्रेम माणसाला काय काय खायला लावतं," मी म्हणाले, पण माझं समाधान झालं नव्हतं.

अर्लिसनं एक केक आधीच करून पाहिला होता. तो चाखायला तिनं मर्लला आणि त्याच्या बायकोला बोलावलं होतं, आणि तिथेच फसली होती. आमच्याकडे उघडलेली बिअर मोरीत ओतत नाहीत, तेवढं पाप कुणी डोक्यावर घेत नाही. केकला लागते अर्ध्याहून जरा जास्त बाटली. उरलेली, जो कुणी स्वयंपाकघरात उभा असेल त्यानं प्यायची. तर मर्लनं आधी ती प्यायली, मग केक तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि म्हणाला, "वेगळाच आहे हं, अर्लिस."

हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

"काय वेगळं, विचारायचं ना!"

"मर्लला? तो मेला तरी सांगायचा नाही. म्हणून तर आता तुला सांगितलं. गावात एवढ्या बायका, पण शिष्टाचार नसलेली तू एकटीच आहेस."

हे कौतुक मी आनंदानं घेतलं.

त्या केकचा तुकडा तिनं गोठवून ठेवला होता. मी चाखला आणि म्हणाले, "साबण."

"साबण?"

"मर्लनं बिचाऱ्यानं साबणाची वडी खाल्ली. तू सोडा दोनदा घातलायस."

अर्लिसनं कपाळावर हात मारला. "कडू लागत होता गं! मला वाटलं, बिअरचा कडूपणा. मी तर हरखले होते, म्हटलं काहीतरी कळलं एकदाचं!"

मग आम्ही बसलो. नॉर्बर्टच्या तळघरात हिवाळ्यातली काळी बिअर शिल्लक होती. उन्हाळ्यात ती मिळत नाही. डेलनं तिची उरलेली एकुलती पेटी अर्लिसकडे आणून ठेवली होती. अर्लिसनं बिअर आधीच मापात ओतून फेस बसू दिला. फेसासकट मापलं तर केक कोरडा होतो. मग लोण्याबरोबर ती मंद आचेवर ठेवली, त्यात कोको आणि साखर, मग अंडी आणि आंबट क्रीम, शेवटी मैदा. सोडा मी माझ्या हातानं घातला. पीठ झालं तशी तिनं चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?"

"थांब," ती म्हणाली. पुन्हा चाखलं. "हा कडू निराळा आहे. आधीच्या केकचा जिभेवर चढून बसत होता. हा येतो, आणि मागून गोड येतं, आणि मग जरासं आंबट. लव्हॉन, मला कळतंय! सगळं नाही, पण कळतंय!"

चमचा हातात घेऊन ती स्वयंपाकघरात लहान पोरीसारखी गिरकी घेत होती. मला भरून आलं. उरलेली बाटली आम्ही दोघींनी संपवली, आणि त्या दिवसापासून तालीम सुरू झाली. ती जिभेनं चाखायची, मी नाकानं. दर केकमागे पेटीतली एक बाटली उघडायची आणि उरलेली वाया जाऊ द्यायची नाही, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. मला तर बिअर आवडतेच, पण अर्लिससुद्धा म्हणायला लागली की ही एकच गोष्ट प्यायल्यासारखी वाटते. कधी कधी केकचं राहून जायचं आणि बाटल्याच उघडल्या जायच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठले ती शिंकत. नाक दोन्ही बाजूंनी बंद. भगदाडातून तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "अर्लिस, बाझं डाक गेलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. "देवा, आता दोघींत मिळून एकसुद्धा नाक नाही."

पण करणं भाग होतं. ओव्हनसमोर आम्ही दोन खुर्च्या टाकल्या, कारण करपलं तर कळणार कुणाला? अर्लिसनं पहिला थर बाहेर काढून कान लावला. "ऐक," ती म्हणाली. आतून बारीक चुरचुर येत होती. "अजून बोलतोय. बोलायचा थांबेल तेव्हा झाला." गेल्या काही महिन्यांत तिनं हे शोधून काढलं होतं. पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला; आवाज मावळत गेला, तशी ती हसली.

आणि तेव्हा, पहिल्यांदाच, तिला जेवण कसं लागत असेल ते मला कळलं. तिच्या टेबलावर पाव होता, त्यावर मुरंबा. मला तो गोड पुठ्ठा लागला. कॉफी नुसती गरम. सूप नुसतं खारट. मी हैराण झाले; एका सकाळीत हे हाल, आणि ही बाई हिवाळ्यापासून असं गिळतेय! मग तिनं केकचा कापलेला काठ माझ्या हातावर ठेवला. आणि तो लागला. कडू, गोड, मीठ, क्रीमचा आंबटपणा. जिभेला जे जे म्हणून कळतं ते सगळं त्या एका तुकड्यात होतं. मी चावता चावता थांबले. मनात काहीतरी चमकून गेलं, पण तेवढ्यात शिंक आली आणि ते निसटलं.

तीन थर रचले, वरून बिअरच्या फेसासारखा पांढराशुभ्र क्रीमचा थर दिला. देखणा दिसत होता. मी सामान आवरायला तळघरातला फ्रीज उघडला आणि किंचाळले.

"अर्लिस! लोणी कुठे ठेवलं होतं?"

"तिथेच. का?"

लोण्याच्या रिकाम्या भांड्याला खेटून नॉर्बर्टनं लग्नासाठी पाठवलेली धुरावलेली मासळी होती, अख्खी परात भरून. लोणी वास किती ओढतं, ते गवळ्याच्या लेकीला काय सांगायचं? ती पांढरी पडली. आम्ही आळीपाळीनं केकवर नाक टेकवलं. नाक कसलं, दोन बुचं. काही कळेना.

"दुसरा करू," मी म्हणाले.

अर्लिसनं पेटीकडे बोट दाखवलं. पेटी रिकामी होती. या केकसाठी राखलेली सोडून शेवटची बाटली आम्ही आदल्या दिवशी सहज गप्पा मारताना संपवली होती.

"कुणाला तरी हुंगायला बोलवू."

"कुणाला? मर्लला? केकमधून अख्खा मासा उडी मारून बाहेर आला, तरी तो म्हणेल छान आहे. लव्हॉन, उद्या डेलच्या लग्नात सगळं गाव माझा केक खाऊन म्हणणार, वेगळाच आहे हं. आणि डेल हसून खाणार. ते मला बघवणार नाही."

मी तिचा हात हातात घेतला.

लग्न छान झालं. डेल निळ्या झग्यात आली, नॉर्बर्ट चर्चमध्येच रडला. हॉलमध्ये कोंबडी, हॅम, बटाटे, आणि कोपऱ्यात अकॉर्डियनवाला. आम्ही दोघी केकच्या टेबलाशी हवालदारासारख्या उभ्या. डेलनं केक कापला, पहिला घास खाल्ला आणि अर्लिसकडे बघून हसली. त्या हसण्यावरून काही कळण्याची सोय नव्हती. डेल पोस्टात होती, तिला चेहरा सांभाळता येतो.

लोक खात होते. कुणी काही बोलेना. अर्लिसच्या कपाळावर घाम आला. आता आमच्याकडे आणखी एक रीत आहे: शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. पहिला येतो, अर्धा घेतो. दुसरा त्याचा अर्धा. असं करत करत शेवटी ताटात बोटाएवढा चुरा राहतो आणि तो दुसऱ्या दिवशी फेकतात. केकचा एक शेवटचा तुकडा उरला होता. मर्ल आला. त्यानं सुरी उचलली, तुकड्याकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि अख्खा तुकडा हातानं उचलून तोंडात कोंबला. त्याच्या बायकोनं त्याला भर हॉलमध्ये लाथ मारली.

अर्लिसनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. "मासळी नाही," ती पुटपुटली.

"नाही," मी म्हणाले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. सर्दी होती म्हणून खपून गेलं.

थोड्या वेळानं नॉर्बर्टनं मला नाचायला ओढलं. मी म्हणाले, "काय रे, झाला ना तुझ्या आवडीचा केक?"

"माझ्या?" तो म्हणाला. "अगं बाई, मी आयुष्यभर त्या बाटल्या भरल्या. आता बिअर प्यायला आवडते, खायला कशाला? मी म्हणत होतो, लिंबाचाच होऊ दे, तुझा आवडता. तर डेल ऐकेना. लिंबू नको, व्हॅनिला नको, बदाम नको. म्हणे काळा आणि कडूच पाहिजे. आणि वर तुझ्या नावावर खपवते, म्हणाली. बायकांचं काही कळत नाही."

मी नाचता नाचता उभी राहिले. आदल्या दिवशी शिंकेनं निसटलेलं ते आता पुरतं हाती आलं.

डेल पाणी प्यायला बाजूला आली, तशी मी तिला गाठलं. "तुला केव्हापासून माहीत आहे?"

तिनं विचारलं नाही, काय म्हणून. "माझ्याकडे तिनं कॉफीत नासकं दूध घातलं आणि सगळा कप प्यायली, तेव्हापासून," ती म्हणाली. "मी मग डॉक्टरांच्या नर्सला विचारलं, वास गेलेल्या माणसाला कशाकशाची चव कळते. लव्हॉन, ती केक केल्याशिवाय राहणार नव्हती. मग निदान तिला चाखता येईल असा तरी करू दे. तिला सांगू नकोस हं."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे डेलला माहीत होतं. तरी तिनं सांगितलं. मी दात आवळून होकार दिला.

हॉलमधून निघताना अर्लिसनं माझ्या हातात एक खोका दिला. "डेलच्या गाडीत ठेव. नॉर्बर्टला दिसू देऊ नकोस."

"यात काय आहे?"

"लिंबाचा. आज पहाटे केला. कसा झालाय, देव जाणे. डेलनं बिअरचा केक का मागितला, ते न कळायला माझं नाक गेलंय, डोकं नाही."

मी तो खोका ठेवून आले.

आठवड्याभरात माझं नाक मोकळं झालं आणि मी पहिली डेलकडे गेले. खोक्यात एवढासा तुकडा उरला होता. ती नको नको म्हणत असताना मी तोंडात घातला. असा आंबट, की माझे डोळे मिटले. अर्लिसनं जिभेला लागेपर्यंत लिंबू पिळलं होतं.

"एक शब्द बोललीस तर बघ," डेल म्हणाली.

संध्याकाळी झुडपांच्या पलीकडून अर्लिसनं विचारलं, "डेलकडे गेली होतीस ना? लिंबाचा कसा झालेला?"

मी घसा साफ केला. "तसाच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भगदाडातून अलीकडे आली. "लव्हॉन, तुला खोटं बोलायला येत नाही गं. आंबट झाला ना?"

"फार."

"आणि डेलनं काय केलं?"

"सगळा खाल्ला. नॉर्बर्टला घासही दिला नाही."

अर्लिसनं हात पुढे केला. झुडपाचं एक वाळलेलं पान काढून बोटांत चुरत राहिली.

"तिचा वाढदिवस सप्टेंबरात आहे," ती म्हणाली. "लिंबू कमी घालू. तू ये चाखायला."